हेडफोन निवडताना आधी आवाज समान करा
(शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"ख्याल ऐकायला चांगला हेडफोन दाखवा" असं म्हणत दुकानात येणारे डोंबिवलीत कमी नाहीत. त्यांच्याशी बोलायला आम्हाला आवडतं, पण शनिवारी संध्याकाळी काउंटरवर गर्दी असताना तेच तेच नीट सांगून होत नाही. म्हणून हा कागद छापला. वायरचा आणि ब्लूटूथचा फरक, कानात घालायचा आणि कानावर बसणारा यातला फरक तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आमचा आणि तुमचा सर्वात जास्त वेळ कशात जातो ते आधी सांगतो. ग्राहक एक हेडफोन लावतात, फोनचा आवाज निम्म्यावर ठेवतात, मान डोलावतात. मग दुसरा लावतात, आवाज तिथेच निम्म्यावर, आणि लगेच काढून म्हणतात, "यात जीव नाही." पहिला घेऊन जातात. आठवड्याने तोच परत येतो: "तबला फार घुमतो हो, अर्ध्या तासात डोकं जड होतं." त्यांच्या कानांत काही दोष नसतो. गडबड एवढीच की त्यांनी दोन हेडफोनची तुलना केलेलीच नसते. तुलना झालेली असते मोठ्या आवाजाची आणि लहान आवाजाची.

फोनवरची खूण एकच असली तरी दोन हेडफोन सारखेच मोठे वाजत नाहीत. आमच्याकडे कायम असणारी दोन मॉडेल घ्या. सोनीचा एमडीआर ७५०६ हा १९९१ पासूनचा, स्टुडिओत सर्रास दिसणारा, ६३ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जास्त असला की त्याच फोनवर आवाज बहुधा लहान येतो). सेन्हायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा, ३०० ओहमचा. एकाच फोनवर, एकाच खुणेवर लावले तर सोनी दहा डेसिबलहून जास्त मोठा वाजतो. अशा वेळी सेन्हायझर "मेलेला" वाटला तर नवल नाही.

त्यात आपल्या कानाची एक खोड आहे. आवाज लहान असला की कानाला खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, कमी ऐकू येतो आणि अगदी वरचे सूरही फिके वाटतात; आवाज वाढवला की दोन्ही भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलं. म्हणजे जो हेडफोन नुसता मोठा वाजतोय, त्यातला डग्गा भरदार आणि तानपुरा झळाळता वाटणारच. फरक एखाद्या डेसिबलचा असला तर "हा मोठा आहे" असं लक्षातही येत नाही. "हा जास्त चांगला आहे" असंच वाटतं. दोन ठिकाणचा चहा चाखताना एकात साखर जास्त असावी, तसलीच ही फसगत.

म्हणून आमच्याकडे ट्रायलची एक पद्धत आहे, आणि ती आम्ही सोडत नाही. मायक्रोफोन बसवलेला एक रबरी कान आमच्याकडे आहे. त्यावर प्रत्येक हेडफोन ठेवून आवाज मोजतो, सगळे एका पातळीवर आणतो आणि मगच तुमच्या हातात देतो. फोनच्या बटणाने हे जमत नाही, कारण त्याची एकेक पायरी साधारण दोन-तीन डेसिबलची असते. आम्ही ते ॲम्प्लिफायरच्या गोल बटणाने करतो. किंमतही आम्ही आधी सांगत नाही. काहींना याचा राग येतो. "स्वस्तातल्याचा आवाज मुद्दाम कमी केलात" असंही ऐकून घेतलंय. खरं तर स्वस्त हेडफोन बहुधा मोठे वाजणारेच असतात आणि पातळी समान करण्यासाठी त्यांचाच आवाज खाली आणावा लागतो, म्हणून तसं दिसतं. समान आवाजात ऐकून स्वस्तातलाच पसंत करून जाणारे ग्राहक आमच्याकडे भरपूर आहेत. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. तो हेडफोन परत येत नाही.

घरी दोन हेडफोन असतील तर हे ढोबळमानाने तुम्हालाही करता येईल. गायक षड्जावर स्थिर थांबलाय असा आलापातला एखादा तुकडा निवडा आणि तो षड्ज दोन्हींत सारखाच मोठा लागेपर्यंत आवाज जुळवा. तबल्याच्या थापेवर जुळवायला जाऊ नका, कारण थापेवर कान ठरत नाही. जुळवताना इक्वलायझर, "बास बूस्ट", "थ्रीडी साउंड" वगैरे सगळं बंद ठेवा. हे बंद करायला ग्राहक तयार नसतात, पण ते चालू असेपर्यंत तुम्ही हेडफोन ऐकतच नाही.

आता ऐकायचं काय? द्रुत तराणा किंवा सवाल-जवाब लावून निवड करू नका. तिथे कोणताही हेडफोन खूश करून टाकतो. विलंबितातली पहिली दहा मिनिटं लावा.

काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. त्याचा मंद्र सप्तक ६९ पासून १३९ पर्यंत, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार बरोबर त्या ६९ वर. "एक्स्ट्रा बास" म्हणून विकले जाणारे हेडफोन नेमका हाच पट्टा फुगवतात. नाचाच्या गाण्यांना ते शोभून दिसतं. इथे मात्र डग्ग्याची घुमक, खर्जाची तार आणि गायकाचा मंद्रातला धैवत असे तिघं एकाच जागेवर येऊन एकमेकांना झाकतात. तक्रार घेऊन परत येणारे बहुतेक हेडफोन या जातीचे असतात. उलट खर्ज अजिबात नसलेला हेडफोनही फसवतो. फोनच्या इवल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ बाहेर पडतच नाही, तरी आपल्याला खर्जाची तार "ऐकू" येते, कारण तारेच्या मूळ सुराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या, स्वयंभू स्वरांवरून मेंदू ती भरून काढतो. तार नुसती कळते की खरोखर लागते, हे तपासायला तानपुऱ्याचा एकटा तुकडा पुरेसा आहे.

मग जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा तो झणझणता नाद. मिरजेच्या कारागिराने घोडी घासून जी काही मेहनत घेतलेली असते ती सगळी वरच्या स्वरांत असते. चांगल्या हेडफोनमध्ये प्रत्येक तार छेडल्यावर वरच्या स्वरांची रांग उलगडत जाताना कळते. वाईट हेडफोनमध्ये तानपुऱ्याची नुसती गुणगुण उरते. तिसरी गोष्ट, संवादिनी किंवा सारंगी गळ्याच्या मागोमाग जाते तेव्हा दोन्ही वेगळ्या ओळखू येतात का. एवढ्या तीन गोष्टी जमल्या की खोक्यावर काय छापलंय ते वाचायची गरज नाही. "५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ" या आकड्यांवर तर वेळ घालवूच नका. २० किलोहर्ट्झच्या वरचं माणसाला ऐकू येत नाही आणि साठीनंतर बहुतेकांना दहाच्या वरचंही फारसं नाही. ज्येष्ठ ग्राहकांना आम्ही हे स्पष्ट सांगतो आणि त्यांचे पैसे वाचवतो.

उघड्या पाठीचा (कानावरच्या वाटीची बाहेरची बाजू जाळीची) की बंद पाठीचा, हा प्रश्न घर ठरवतं. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये गाणं डोक्यात कोंडत नाही, समोर बैठक मांडल्यासारखं मोकळं वाटतं, आणि आमची शिफारस तीच असते. पण त्यातून आत आणि बाहेर दोन्हीकडे आवाज जातो. शेजारी झोपलेल्या माणसाला तुमचा मालकंस ऐकू येईल, आणि तुम्हाला कुकरची शिट्टी. वन बीएचकेमध्ये रात्री अकरानंतर ऐकणाऱ्याने बंद पाठीचाच घ्यावा.

लोकलमध्ये ऐकणार असाल तर नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट कापणारी सोय, हवंच. नाहीतर गाडीचा खडखडाट झाकायला तुम्ही आवाज वाढवत नेता आणि तासाभराच्या प्रवासात कानांची वाट लागते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की तास निम्मे होतात. रोज विलंबित ऐकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

"तानपुरा सतत वाजतो, तर नॉइज कॅन्सलिंग तोही खाऊन टाकेल का?" हे बरेच जण विचारतात, आणि प्रश्न हुशारीचा आहे. नाही खात. बाहेरचा मायक्रोफोन जे ऐकतो तेवढंच ते कापतं, फोनमधून येणारं गाणं नाही. मात्र खोलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून असा हेडफोन घालून बसलात, तर तो तानपुरा बराच दबेल. तानपुरा खाण्याचा खरा प्रकार ऑनलाइन शिकवणीत घडतो. नात न्यू जर्सीत, गुरुजी इकडे, आणि झूमवर तानपुरा मधूनमधून गायब. ते झूमचं काम आहे. एकसारखा आवाज त्याला गोंगाट वाटतो. ज्या बाजूला तानपुरा वाजतोय, त्या बाजूने झूमच्या सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू करावं. यासाठी नवा हेडफोन घेऊ नका. आम्ही विकणारही नाही.

रियाझ करताना स्वतःचा आवाज हेडफोनमधून परत ऐकायचा असेल तर ब्लूटूथ विसरा. आवाज उशिरा येतो आणि लय हातातून सुटते. नुसतं ऐकायला ब्लूटूथ चालतं. तिथला फरक हेडफोनच्या फरकापुढे किरकोळ आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. गौहर जान यांचं गाणं कोलकात्यात १९०२ मध्ये तबकडीवर आलं, आणि पुढची वीसेक वर्षं गाणं भोंग्यात तोंड घालूनच मुद्रित होत होतं. मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झालं १९२५ मध्ये. त्या तबकड्यांत वरचे सूर जवळजवळ नाहीतच, तिथे आहे ती खरखर. वरच्या सुरांना धार देणारा हेडफोन गळ्याला काही देत नाही, खरखर मात्र वाढवतो. अब्दुल करीम खाँसाहेब किंवा त्या पिढीतले गायक हेच तुमचं मुख्य ऐकणं असेल तर सौम्य हेडफोन घ्या. एमडीआर ७५०६ घेऊ नका, आमच्याकडे तो असला तरी.

खासगी मैफलींच्या कॅसेटवरून उतरवलेल्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फायलींचंही तसंच. "नव्या हेडफोनमध्ये घुंई असा आवाज येतोय, बदलून द्या" असं म्हणत लोक येतात. तो आवाज बहुतेक वेळा मूळ मुद्रणातच असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वायरिंगचा गुंजारव ५० वर किंवा १०० वर पडतो, आणि काळी एकच्या तानपुऱ्याचा पंचम आहे सुमारे १०४ वर. शेजारी शेजारीच. जुन्या हेडफोनमध्ये तो तानपुऱ्यात मिसळून गेला होता, नव्याने वेगळा करून दाखवला. हेडफोन चांगला असल्याचीच ही खूण आहे. पण ग्राहकाला हे पटवणं कठीण जातं, हे मान्य. खात्री करायची असेल तर एखादी सीडी लावून बघा. तिथेही घुंई आली तर हेडफोन घेऊन या, बघू.

एकाच कानात आवाज येतो ही तक्रार असेल तर येण्याआधी पिन पूर्ण आत गेली आहे का ते पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

ट्रायलला येताना चष्मा लावूनच या. चष्म्याच्या काडीमुळे बंद पाठीच्या हेडफोनची गादी कानाला नीट टेकत नाही आणि फटीतून खर्ज निघून जातो. कुड्या, झुबे, कानावरून घेतलेले केस यांनीही हेच होतं. श्रवणयंत्र लावत असाल तर काढू नका, त्याच्यासकटच ऐकून बघा. काही हेडफोनमध्ये यंत्र शिट्टी मारतं आणि ते इथेच कळलेलं बरं. तुमचा नेहमीचा फोन आणा, आणि तुम्ही शंभरदा ऐकलेलं एक ध्वनिमुद्रण फोनमध्ये उतरवून आणा. आमच्या निवडीचं गाणं तुम्हाला नवं असेल तर तुम्ही गाणं ऐकाल, हेडफोन नाही.

नव्या फोनला वायरची जागा नसते. त्यासाठी लागणारा छोटा डोंगल आम्ही ठेवतो. साध्या ३२ ओहमच्या हेडफोनला तोच पुरतो, स्वतंत्र ॲम्प्लिफायर घ्यायची गरज नाही. तीनशे ओहमवाला घेतलात तर ॲम्प्लिफायर घ्यावा लागेल. तो खर्च आधीच धरा, नंतर "फोनवर आवाज लहान येतो" म्हणू नका.

आता परतीचं. ऑनलाइन पाचशे-सातशे रुपये स्वस्त मिळतं हे आम्हाला माहीत आहे आणि त्यावर वाद घालत नाही. तिथे ही ट्रायल नसते, एवढंच. समान आवाजावर ट्रायल करून घेतलेला हेडफोन पंधरा दिवसांत पसंत पडला नाही तर आम्ही बदलून देतो, वरचा फरक इकडे किंवा तिकडे. ट्रायल न करता घेतलेला हेडफोन "बास कमी" किंवा "बास जास्त" या कारणासाठी परत घेत नाही. कानात घालायचे हेडफोन, स्वच्छतेमुळे, कुठल्याच कारणाने परत घेत नाही. बिघाड असेल तर कंपनीकडे पाठवून देतो.

कानावरच्या गाद्या घामाने दोन-तीन वर्षांत झिजतात, चुरा पडायला लागतो, आणि हेडफोनचा खर्ज बिघडतो. टाकून देऊ नका. बहुतेक मॉडेलच्या गाद्या आमच्याकडे मिळतात, उभ्या उभ्या बसवून देतो. हेडफोन आमच्याकडून घेतला नसला तरी चालेल.

ट्रायलला पाऊण तास लागतो. मंगळवार ते शुक्रवार, आधी फोन करून वेळ ठरवून या. शनिवार-रविवारी ट्रायल नाही.