औषधं सामानाच्या बॅगेतच टाका? अजिबात नको!

परदेशी मुलांकडे निघालेल्या आईबाबांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘गोळ्या, सिरप, इन्सुलिन सगळं मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत दिसलं तर सिक्युरिटीवाले फेकून देतात.’ हे चुकीचं आहे.

गैरसमजाचं मूळ 2006 सालचं. द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट त्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आला आणि हातातल्या सामानातल्या द्रवांवर 100 मिलीलिटरची मर्यादा आली. पण प्रवासात लागणारी औषधं तिला अपवाद आहेत. बाटली मोठी असेल तर तपासणीआधी स्वतःहून दाखवायची, एवढंच. गोळ्यांना तर ही मर्यादा लागूच नाही.

उलट धोका मोठ्या बॅगेतच आहे. कनेक्टिंग फ्लाइटमध्ये ती मागे राहिली, तर बीपीची गोळी दोन दिवसांनी हाती येणार! इन्सुलिनचं आणखी नाजूक: विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी भरवशाचं राहत नाही. बाहेरून बघून ते कळेलच असंही नाही.

गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. (आठवड्याची डबी सोयीची खरी, पण अधिकाऱ्याला त्यातून काय कळणार?) सोबत घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव हवं, ब्रँडचं नाव परक्या देशात कुणी ओळखत नाही. कोडीनसारखी (हे खोकल्याच्या आणि वेदनाशामक काही औषधांत असतं) काही औषधं मात्र संयुक्त अरब अमिरातीसह काही देशांत नियंत्रित आहेत; त्यांची परवानगी निघण्याआधीच काढावी लागते, मग बॅग कुठलीही असो.