माहिती अधिकार: 2002 चा राज्य कायदा ते 150 शब्दांची अट

केंद्राचा 2005 चा कायदा येण्याआधी काही राज्यांनी आपापले माहिती अधिकार कायदे केले होते. तामिळनाडू आणि गोव्याने 1997 मध्येच. महाराष्ट्राचा 2000 चा पहिला कायदा अपवादांच्या लांबलचक यादीमुळे निरुपयोगी ठरला. त्याच्या जागी आधी अध्यादेश आणि मग 2002 चा कायदा आला. ऑगस्ट 2003 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर अण्णा हजारे यांचे उपोषण सुरू झाले, तेव्हा कुठे राष्ट्रपतींची संमती हाती आली. अंमल मात्र सप्टेंबर 2002 पासून धरण्यात आला.

हा कायदा कडक होता. माहिती कामकाजाच्या 15 दिवसांत द्यायची, उशीर झाल्यास दिवसाला 250 रुपये दंड, दुसरे अपील लोकायुक्तांकडे. केंद्राचा कायदा लागू झाल्यावर तो रद्द झाला. मुदत 30 दिवसांची झाली आणि राज्याकडे उरला तो कलम 27 खालचा नियम करण्याचा अधिकार.

खरा वाद याच अधिकाराच्या वापराचा आहे. जानेवारी 2012 मध्ये राज्याने नियम बदलले: अर्ज एकाच विषयाचा हवा आणि सर्वसाधारणपणे 150 शब्दांपेक्षा मोठा नको. कर्नाटकात 2008 पासून अशीच अट होती. केंद्राने 2012 च्या आपल्या नियमांत 500 शब्द ठेवले, शिवाय केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, असेही लिहिले. महाराष्ट्राच्या नियमात हे संरक्षण नाही. मूळ केंद्रीय कायद्याच्या कलम 6 मध्ये, म्हणजे अर्ज कसा करायचा हे सांगणाऱ्या कलमात, शब्दमर्यादाच नाही. म्हणजे विधिमंडळात चर्चा न होता, एका अधिसूचनेने नागरिकाचा प्रश्न आखडला गेला.

शब्दसंख्येपेक्षा जास्त त्रास देते ती ‘एक विषय’ ही अट. विषय म्हणजे काय, हे नियमात कुठेच सांगितलेले नाही, आणि अर्जात अनेक विषय दिसले तर पहिल्याचेच उत्तर देण्याची मुभा जन माहिती अधिकाऱ्याला आहे. एखाद्या रस्त्याची निविदा, मोजमाप पुस्तिका आणि देयके एकत्र मागितली की निविदेची प्रत हातात पडते आणि बाकीसाठी वेगळे अर्ज करा, असे कळवले जाते. त्यामुळे जोडपत्र ‘अ’ मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, विषयाच्या रकान्यात कामाचे नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहावा, कालावधी नेमका द्यावा आणि त्या एकाच कामाच्या नस्तीतील (फाइलमधील) कागद मागावेत. तरीही तुकडे पाडले, तर उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रथम अपील करावे. त्याला 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. केंद्राच्या कार्यालयांत अपिलाला शुल्क नाही. नियमातला ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द अपिलात जरूर दाखवावा: 150 च्या वर गेलेला अर्ज आपोआप बाद होत नाही.

पुढचे बदल दिल्लीतून आले. 2019 च्या दुरुस्तीने राज्य माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतनही केंद्राच्या हाती गेले. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने कलम 8(1)(ञ) बदलले. वैयक्तिक माहितीच्या अपवादातली व्यापक जनहिताची सवलत त्या कलमातून गेली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये हा बदल लागू झाला. अधिकाऱ्याची मालमत्ता किंवा नियुक्तीची कागदपत्रे मागणाऱ्याला आता कलम 8(2) चा, म्हणजे जनहित मोठे असेल तर अपवादातली माहितीही देता येते या तरतुदीचा, आधार घ्यावा लागतो. जनहित कसे मोठे आहे हे अर्जातच पटवून द्यायचे, तर त्यालाही तेच 150 शब्द.