संमिश्र द्रव्यांची सामाईक मानके व गुणधर्म-माहिती

काच, कार्बन किंवा अ‍ॅरामिड यांचे तंतू रेझिनमध्ये, म्हणजे पुढे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बसवून तयार होणाऱ्या प्रगत संमिश्र द्रव्यांच्या चाचण्या कशा घ्याव्यात, त्यांतून हाती आलेल्या आकड्यांवरून अभिकल्पासाठी सुरक्षित मूल्ये कशी काढावीत आणि एकाने काढलेली मूल्ये दुसऱ्याला कोणत्या अटींवर वापरता यावीत, याची उत्पादक, प्रयोगशाळा व नियामक संस्थांनी मिळून उभारलेली व्यवस्था. व्यवहारात या द्रव्यांना कॉम्पोझिट म्हणतात. काचतंतूच्या प्रकाराला मुंबई परिसरातील कारखान्यांत सरसकट एफआरपी किंवा नुसते ‘फायबर’ म्हटले जाते.

अशा व्यवस्थेची गरज धातूंपेक्षा संमिश्र द्रव्यांना अधिक भासते, कारण धातूचा पत्रा आपले बहुतेक गुणधर्म सोबत घेऊनच कारखान्यात येतो, तर संमिश्राच्या बाबतीत भाग घडतो त्याच वेळी द्रव्यही घडते. रेझिन आधीच मुरवलेले तंतूंचे थर, म्हणजे प्रीप्रेग, एकाच पुरवठादाराकडून दोन कारखान्यांनी घेतले, तरी ऑटोक्लेव्हमधील, म्हणजे दाबाखाली तापवणाऱ्या बंद भट्टीतील, तापमान कोणत्या गतीने चढवले, दाब कधी दिला, निर्वात पिशवी नीट बसली होती की नाही आणि थर किती अंशांनी तिरपा पडला, यांनुसार दोन्हीकडच्या तक्त्यांचे, म्हणजे थर रचून घडवलेल्या फळ्यांचे, सामर्थ्य वेगळे येते. शिवाय हे सामर्थ्य दिशेवर अवलंबून असते. कार्बनतंतू व इपॉक्सी रेझिन यांचा एकदिशी, म्हणजे सगळे तंतू एकाच दिशेने असलेला, तक्ता तंतूंच्या दिशेने ताणला, तर तो साधारण २००० मेगापास्कलपर्यंत किंवा त्याहूनही अधिक तग धरतो; तोच आडवा ताणला, तर पन्नास-साठ मेगापास्कललाच तडकतो. म्हणून प्रक्रियेचा तपशील सोबत नसलेला आकडा अभियंत्याच्या फारसा उपयोगाचा नसतो, आणि माहिती सामाईक करायची तर आधी कामाची शिस्त सामाईक करावी लागते. या क्षेत्रातील सर्व मानकांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

या प्रयत्नांचा आरंभ अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. तेथील लष्कर, नौदल व नागरी विमानवाहतूक यांच्या संयुक्त समितीने १९४३ मध्ये विमानांतील प्लॅस्टिकविषयी १७ क्रमांकाची पुस्तिका काढली. १९५९ मध्ये तिचे ‘मिल-हँडबुक-१७’ या लष्करी संदर्भग्रंथात रूपांतर झाले. पुढे या कामाची धुरा अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक प्रशासनाकडे, म्हणजे एफएएकडे, आली आणि हाच ग्रंथ आता ‘सीएमएच-१७’ या नावाने सहा खंडांत ओळखला जातो. त्यात बहुवारिक (पॉलिमर) संमिश्रांबरोबर धातू-आधारित, मृत्तिका-आधारित (सिरॅमिक) आणि दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा असलेल्या सँडविच प्रकारच्या संमिश्रांचाही समावेश आहे. विमान कंपन्या, द्रव्य पुरवठादार, विद्यापीठे व नियामक यांचे तज्ज्ञ एकत्र बसून त्याचा मजकूर ठरवतात. चाचणीपद्धतींचे काम मुख्यतः एएसटीएम या अमेरिकी मानक-संस्थेची १९६४ मध्ये स्थापन झालेली डी-३० समिती आणि आयएसओची संबंधित उपसमिती पाहतात. एकाच द्रव्याचे नमुने वेगवेगळ्या देशांतील प्रयोगशाळांत तपासून पद्धती पारखण्याचे काम १९८२ च्या व्हर्साय शिखर परिषदेतून निघालेला व्हामास हा प्रकल्प करतो.

चाचणीपद्धत किती बारकाईने बांधलेली असते, हे एएसटीएम डी-३०३९ या ताण-चाचणीवरून दिसते. शून्य अंशाच्या, म्हणजे तंतू पट्टीच्या लांबीच्या दिशेने असलेल्या, एकदिशी द्रव्यासाठी २५० मिलिमीटर लांब, १५ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड पट्टी सुचवलेली आहे. पकडीच्या दाताखाली तंतू चिरडू नयेत म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना बहुधा काचतंतूचे तुकडे चिकटवतात आणि यंत्राचा जबडा मिनिटाला साधारण २ मिलिमीटर या वेगाने सरकवतात. पट्टी तुटल्यावर केवढ्या बलाला तुटली हे नोंदवून भागत नाही. ती कशी आणि कोठे तुटली, हे तीन अक्षरांच्या संकेताने लिहावे लागते. ‘एलजीएम’ म्हणजे मोजणीच्या भागात, मधोमध, आडवी तुटली. ‘एलएटी’ म्हणजे वरच्या पकडीपाशी आडवी तुटली. बरेच नमुने पकडीजवळच तुटू लागले, तर दोष द्रव्यात नसून बल देण्याच्या रीतीत असण्याची शक्यता असते आणि मांडणी पुन्हा तपासावी लागते. मुंबईतल्या प्रयोगशाळेने लिहिलेला संकेत अन्य देशातील अभियंत्याला एकही प्रश्न न विचारता कळतो, आणि मानकाचे खरे मोल अशा बारीक गोष्टींत असते.

मिळालेल्या आकड्यांची सरासरी थेट वापरत नाहीत. अभिकल्पासाठी ‘ए’ आणि ‘बी’ आधार अशी दोन प्रकारची मूल्ये काढतात. त्या द्रव्याचे निदान ९० टक्के नमुने ज्या मूल्याच्या वर राहतील असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते, ते ‘बी’ आधार-मूल्य. ‘ए’ आधारात ९० च्या जागी ९९ टक्के येतात. एक भाग निकामी होताच सगळी रचना कोसळणार असेल तर ‘ए’ आणि भार दुसऱ्या मार्गाने वाहून नेण्याची सोय असेल तर ‘बी’, असा विमानांच्या बाबतीत सर्वसाधारण नियम आहे. यासाठी नमुने किती घ्यायचे हेही ठरलेले आहे: ‘बी’ आधारासाठी किमान ३ बॅचमधील १८ नमुने, अधिक भक्कम आकड्यासाठी ५ बॅचमधील ३०, आणि ‘ए’ आधारासाठी किमान ५ बॅचमधील ५५.

उदाहरणादाखल, १८ नमुन्यांची सरासरी २००० मेगापास्कल आली आणि आकड्यांतील विखुरलेपणा, म्हणजे चलन-गुणांक, ३ टक्के निघाला असे मानू. प्रमाण विचलन ६० झाले. सरासरीतून प्रमाण विचलनाची जितकी पट वजा करायची तो सहगुणक १८ नमुन्यांसाठी १.९७४ आहे, त्यामुळे ‘बी’ मूल्य सुमारे १८८२ येते. परंतु सीएमएच-१७ च्या सुधारित पद्धतीनुसार ४ टक्क्यांहून कमी आलेला चलन-गुणांक ६ टक्केच धरायचा असतो आणि ४ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान आला, तर त्याच्या निम्म्यात ४ मिळवायचे असतात. त्यानुसार प्रमाण विचलन १२० होते आणि ‘बी’ मूल्य सुमारे १७६३ वर उतरते. नवख्या अभियंत्याला हा अन्याय वाटतो, कारण चांगल्या कामाची जणू शिक्षाच झाली. प्रत्यक्षात या नियमामागे मोठा अनुभव आहे: एकाच सुमारास तयार झालेल्या दोन-तीन बॅचमध्ये पुढच्या अनेक वर्षांतील उत्पादनाचा चढउतार दिसत नाही, आणि फार नीटनेटके आकडे बहुधा अपुऱ्या नमुन्यांतून आलेले असतात.

चाचण्या कोणत्या हवामानात घ्यायच्या, हा भाग मुंबईच्या वाचकाला जवळचा वाटेल. संमिश्रातील इपॉक्सी हवेतली ओल शोषून घेते, आणि ओल शोषलेली इपॉक्सी कोरड्या इपॉक्सीपेक्षा कमी तापमानाला मऊ पडते. दाब व कातर (थर एकमेकांवर सरकवू पाहणारे बल) या दोन्हींविरुद्धचे बळ मुख्यतः रेझिनवर अवलंबून असल्याने सर्वांत आधी तेच घटते. म्हणून नमुने थंड-कोरडे, सामान्य आणि उष्ण-ओले अशा स्थितींत तपासतात. थंड बाजूला उणे ५४ अंश सेल्सिअस आणि उष्ण बाजूला ८२ अंश ही तापमाने विमानउद्योगात रुळलेली आहेत. उष्ण-ओल्या चाचणीआधी नमुने ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत, त्यांचे वजन वाढायचे थांबेपर्यंत ठेवतात. जाड तक्त्यांना त्यासाठी काही महिनेही लागतात. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेली ही आर्द्रता जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत नेहमीचीच असते. साहजिकच येथे काम करणाऱ्याला उत्पादनातही काळजी घ्यावी लागते. प्रीप्रेग साधारण उणे १८ अंशाला साठवतात. ते शीतगृहातून बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येण्यापूर्वीच पिशवी उघडली, तर थंड पृष्ठभागावर दव धरते. तेच पाणी पुढे ऑटोक्लेव्हमध्ये वाफ होऊन थरांमध्ये पोकळ्या पाडते. प्रक्रिया-विनिर्देशात, म्हणजे काम कसे करायचे याच्या लेखी नियमांत, पिशवी कधी उघडावी हे लिहिलेले असते ते याच कारणाने, आणि पावसाळ्यात हे कलम पाळणे अतिशय महत्त्वाचे ठरते.

पूर्वी प्रत्येक विमान कंपनी हजारो चाचण्यांचा खर्च स्वतः करत असे आणि आकडे कुलूपबंद ठेवत असे. छोट्या विमानांच्या उत्पादकांना हे परवडत नव्हते. १९९० च्या दशकात नासाच्या पुढाकाराने चाललेल्या अ‍ॅगेट प्रकल्पात सामाईक माहितीसाठ्याची कल्पना प्रत्यक्षात आली. त्याच धर्तीवर २००५ मध्ये अमेरिकेतील विचिता येथील विद्यापीठात एनकॅम्प हे केंद्र सुरू झाले. तेथे एखाद्या द्रव्याच्या चाचण्या एकदाच, नियामकांच्या देखरेखीखाली होतात, आणि आकड्यांबरोबर द्रव्य-विनिर्देश व प्रक्रिया-विनिर्देशही उपलब्ध करून दिले जातात. ही मूल्ये एफएएने २०१० मध्ये व युरोपीय नियामक ईएएसएने २०१४ मध्ये मान्य केली. नव्या उत्पादकाला मग सगळ्या चाचण्या नव्याने कराव्या लागत नाहीत; प्रक्रिया-विनिर्देश पाळून थोडे नमुने करायचे, सामर्थ्यासाठी सामान्यतः दोन स्वतंत्र प्रक्रिया-फेऱ्यांतले किमान ८, आणि आपले द्रव्य मूळ माहितीशी समतुल्य आहे हे संख्याशास्त्राने दाखवायचे. मात्र ही सवलत पायाच्या, म्हणजे साध्या नमुना-पट्ट्यांच्या, पातळीपुरती आहे. छिद्रे, सांधे, आघात झालेले तक्ते आणि शेवटी पूर्ण पंख यांच्या चढत्या क्रमाने होणाऱ्या चाचण्या ज्याच्या त्यालाच कराव्या लागतात.

भारतात तेजस विमानाच्या निमित्ताने या विद्येचा मोठा विस्तार झाला. त्याच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्रांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. लष्करी विमानांच्या द्रव्यांना बंगळुरूची सेमिलॅक ही संस्था मान्यता देते, नागरी विमानांचे नियमन डीजीसीए करते, आणि चाचणी-प्रयोगशाळांना त्यांची क्षमता तपासणाऱ्या एनएबीएल या मंडळाचे अधिस्वीकरण असते. या कामांतून निघालेली बरीचशी माहिती संबंधित संस्थांकडेच राहते. संरक्षणाचा भाग सोडला, तरी सर्वांना वापरता येईल असा देशी माहितीसाठा उभा राहणे निकडीचे आहे, कारण लहान उद्योगांना परदेशी द्रव्याच्या आकड्यांवर कायम विसंबून राहावे लागले, तर देशी तंतू व रेझिन वापरण्याचे धाडस कोणी करणार नाही.

मुंबईत या विषयाचे धागे अनेक ठिकाणी सापडतात. पवईच्या आयआयटीत संमिश्र द्रव्यांवर अध्यापन व संशोधन चालते. भारतीय मानक ब्यूरोचे पश्चिम विभागीय कार्यालय अंधेरीत आहे. काचतंतूच्या सळ्यांसाठी ब्यूरोने २०२३ मध्ये आयएस १८२५६ हे मानक काढले. खाऱ्या हवेत पोलादी सळ्या गंजून काँक्रीट फुटते, ही किनारपट्टीवरच्या इमारतींची जुनीच व्याधी असल्याने या शहराला त्याचे विशेष महत्त्व आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचे मुख्यालयही पवईलाच आहे. या संस्थेच्या नियमांत फायबरच्या बोटींसाठी द्रव्य, जाडी व कारखान्यातील परिस्थिती यांविषयीच्या अटी असतात.

वर्सोव्यापासून ससून डॉकपर्यंत दिसणाऱ्या फायबरच्या मासेमारी होड्या मात्र बहुतांशी हाताने थर देऊन बनवलेल्या असतात: साच्यावर जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रेझिनचा गुळगुळीत थर, त्यावर काचतंतूची मॅट, मग घट्ट होण्यासाठी कोबाल्ट व हार्डनर घातलेले पॉलिएस्टर रेझिन ब्रशने आणि रोलरने मुरवायचे. ऑटोक्लेव्ह किंवा प्रीप्रेगची मानके येथे लागू पडत नाहीत, तरी माहिती जमवण्याची रीत लागू पडते. होडीच्या कापलेल्या तुकड्याचे वजन करून तो सुमारे ५६५ अंशाच्या भट्टीत ठेवला, की रेझिन जळून जाते आणि उरलेल्या काचेच्या वजनावरून तंतूंचे प्रमाण कळते. या चाचणीला भट्टी आणि अचूक तराजू एवढेच लागते. रेझिनचा बॅच क्रमांक, त्या दिवसाचे तापमान व आर्द्रता आणि हे तंतूंचे प्रमाण एवढ्या नोंदी प्रत्येक कारखान्याने एकाच ठरावीक स्वरूपाच्या नोंदवहीत ठेवल्या, तर किनाऱ्यावरच्या होड्यांसाठीही सामाईक माहितीची सुरुवात करता येते.