रॅगब्राय म्हणजे सात दिवसांची बीआरएम नव्हे

दर जुलैत रॅगब्रायचे, म्हणजे अमेरिकेतलं आयोवा राज्य सात दिवसांत आडवं पार करणाऱ्या सामूहिक राइडचे, मक्याच्या शेतांमधून चाललेल्या हजारो सायकलींचे फोटो फिरायला लागले की आपल्या सायकलवाल्या ग्रुपांवर एक मेसेज ठरलेला असतो, "सात दिवसांत साडेसातशे किमी? त्यात काय, आपण बीआरएमला ६०० किमी चाळीस तासांत मारतो." खाली पंधरा अंगठे. दरवर्षी तेच वाचून आता वैताग आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

बीआरएम म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत स्वतःच्या जिवावर पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, चारही एका सीझनमध्ये झाल्या की एसआर (सुपर रँडोनर) हा किताब. शिक्क्यांचं कार्ड, कंट्रोल (वाटेतले तपासणीचे थांबे), लाइट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, पहाटे तीनला खंबाटकी घाट. झालं, पुढे.

रॅगब्राय सुरू झाली १९७३ मध्ये. 'डि मॉइन रजिस्टर' या आयोवातल्या पेपरात लिहिणारे जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल यांनी ठरवलं की सायकलवर अख्खं राज्य ओलांडायचं आणि वाटेत दिसेल ते छापायचं, आणि वाचकांनाही सांगितलं की यायचं तर या. सू सिटीहून तीनशेच्या आसपास लोक निघाले. त्यात क्लॅरेन्स पिकार्ड नावाचे ८३ वर्षांचे आजोबा होते, लेडीज सायकलवर, डोक्यावर जुन्या साहेबी थाटाची हॅट, आणि ते डॅव्हनपोर्टपर्यंत पोचले. तेव्हापासून ती दरवर्षी होते, २०२० चं कोविडचं वर्ष सोडून, आणि आता जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा ठरलेला. रूट दरवर्षी बदलतो पण दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे, मिझुरी नदीत मागचं चाक बुडवून निघायचं आणि मिसिसिपीत पुढचं बुडवून संपवायचं.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. दोन्हीकडे रेस नाही, नंबर नाही, पोडियम नाही. (बीआरएममध्ये "पहिला आलो" म्हणणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही, बीपी वाढतं.) रेस नाही म्हणजे दोन्ही एकच, एक लांब आणि एक सोपी, असं लोक धरून चालतात. खरा फरक किलोमीटरमध्ये नाहीच, थांबण्यात आहे.

बीआरएममध्ये घड्याळ एकदा सुरू झालं की ते पंक्चरला थांबत नाही, जेवणाला थांबत नाही, एटीएमच्या पायरीवर काढलेल्या वीस मिनिटांच्या झोपेलाही थांबत नाही, त्यामुळे आपण टपरीवर चहा घेतो तोही एक पाय जमिनीवर आणि एक डोळा वेळेवर ठेवून. ज्या गावातून जातो त्या गावाला आपण कोण हे माहीत नसतं आणि आपल्यालाही ते गाव म्हणजे फक्त पुढच्या कंट्रोलच्या अलीकडचं वळण असतं. यात वाईट काही नाही, त्या खेळाची मजाच ती आहे.

रॅगब्रायमध्ये उलटं. दिवसाला सरासरी १०५-११० किमी, आणि मध्येमध्ये छोटी गावं. मुक्कामाची गावं जानेवारीतच जाहीर होतात आणि तिथून गावकऱ्यांच्या कमिट्या, मीटिंगा, भांडणं सगळं सुरू. आठशे वस्तीच्या गावात एका सकाळी दहा हजार सायकली येणार असतात हो! मग चर्चमधल्या आज्या पाय (pie, फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) भाजतात, फायर ब्रिगेडचे स्वयंसेवक कणसं उकडतात, शाळेच्या बँडची पोरं पाणी विकतात, आणि त्या पैशातून गावाचं एखादं अडलेलं काम होतं. म्हणजे तुम्ही तिथे पाहुणेही असता आणि गिऱ्हाईकही. असं असताना कोणी ताशी ३२ किमीच्या ॲव्हरेजने पेसलाइन (एकामागे एक चिकटून रांग) लावून, "ऑन युअर लेफ्ट" (डावीकडून पुढे जातोय) ओरडत सकाळी दहालाच मुक्कामी पोचला तर त्याने रॅगब्राय फास्ट केली असं नाही, त्याने ती केलीच नाही, फक्त त्या रस्त्यावरून गेला.

लोक याला अमेरिकेची वारी म्हणतात. मुक्काम, तंबू, गावाने केलेली सोय इथपर्यंत चालेल. पण तिथे खाणं विकत असतं, फुकट पंगत नाही, आणि ते विकत आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी वरचा परिच्छेद परत वाचावा.

सपोर्टचं थोडक्यात. रॅगब्रायमध्ये तुमची बॅग ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जाते, दमलात तर सॅग गाडी उचलते, मोठ्या चौकात पोलीस असतात. बीआरएममध्ये बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, मागे घरची गाडी फिरताना दिसली की बाद. सपोर्टेड राइडवाल्यांनी "आपली २०० होऊन जाईल" म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आणि आयोवा सपाट आहे हे कृपया कोणी सांगू नका. पश्चिमेला मिझुरीकाठी लोएस हिल्स आहेत, वाऱ्याने आणलेल्या मातीच्या टेकड्या, सुरुवातच तिथून होते. पुढे रोलर्स, चढ-उतार-चढ, दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गेलेला मका, आणि दमट उकाडा. ज्यांना तरी खाजच आहे त्यांच्यासाठी एका दिवशी कॅरस लूप असतो, जास्तीचे किलोमीटर घालून शंभर मैल पूर्ण करायचे. करा की, पण परत येऊन पाय खा.

आयोवाच्या शेजारच्या शिकागो-मिनीॲपोलिसला भाऊ-बहीण आहे आणि जावंसं वाटतंय, अशांना माझा सल्ला: स्पीडची तयारी सोडा. ६०० केलेल्याच्या मांड्या पुरतील, पण बुड सलग सात सकाळी त्याच सॅडलवर ठेवायची सवय वेगळी, त्यासाठी इथे लागोपाठ तीन-चार दिवस ८०-९० च्या राइड करून बघा. आणि खिशात सुटे डॉलर ठेवा, कारण चांगला पाय सहसा दुपारच्या आत संपतो.