रेडिएटरमधलं विहिरीचं पाणी

चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना अर्ध्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली जीप किंवा ॲम्बॅसेडर हे एके काळी उन्हाळ्यातलं नेहमीचं दृश्य होतं. ओलं फडकं, पाण्याचा डबा आणि गाडी निवायची वाट बघणारी माणसं. घरच्या घरी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलण्याची आपल्याकडची गोष्ट तिथून सुरू होते.

पाण्याने इंजिन थंड ठेवण्याची पद्धत मोटारीइतकीच जुनी आहे. कूलंटमधलं मुख्य द्रव्य, इथिलीन ग्लायकॉल, मात्र १९२० च्या दशकात बाजारात आलं, आणि तेही थंड देशांत रेडिएटरचं पाणी गोठू नये म्हणून. 'अँटिफ्रीझ' या नावानेच आपलं नुकसान केलं असं मला वाटतं. धुळे-जळगावात पाणी गोठतं कुठे? मग विहिरीचं, बोअरचं पाणी भरा, संपलं काम.

खरी अडचण त्या पाण्यातच होती. जड पाणी तापलं की त्यातले क्षार गरम भागावर बसतात. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात, वरून पुन्हा तेच पाणी पडतं. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला तो ॲसिड सोडतोच. ॲम्बॅसेडरचं इंजिन बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचं. त्यात धुण्याचा सोडा घालून गाडी फिरवायची आणि तांबूस पाणी सोडून द्यायचं, ही त्या काळची साफसफाई. फारच चोंदलं तर रेडिएटरवाला टाकी उकलून नळ्यांतून बारीक सळई फिरवायचा आणि पुन्हा डाग द्यायचा.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि पुढे घरोघरच्या गाड्यांत ॲल्युमिनियम वाढत गेलं. रेडिएटरही ॲल्युमिनियमचे झाले, टाक्या प्लास्टिकच्या. इथे जुनं शहाणपण उलटतं: सोडा ॲल्युमिनियमला खातो, ठिबकचं ॲसिडही खातं. कूलंटमधली गंज रोखणारी द्रव्यं आता चैन राहिली नाहीत. शिवाय ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल आणि दाबाचं झाकण धड असेल, तर ते १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात आपल्याला हाच गुण हवा.

म्हणून आज रेडिएटर धुवायला डिस्टिल्ड वॉटर लागतं, बॅटरीत घालतो तेच. गार इंजिनातून जुनं कूलंट सोडायचं, डिस्टिल्ड भरून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत, म्हणजे वरचा पाइप गरम लागेपर्यंत, गाडी चालू ठेवायची, पूर्ण निवू द्यायची, मग पुन्हा सोडायचं. स्वच्छ येईपर्यंत हेच, मग नवं कूलंट.

पूर्वी काढलेलं गंजकं पाणी अंगणातल्या निंबाखाली ओतून द्यायचे. आता त्यात ग्लायकॉल असतं, ते गोड असतं आणि विषारी. कुत्री, गुरं ते चाटतात. ते डब्यात भरून झाकण लावून ठेवावं लागतं.