शेअर फोल्डर दिसत का नाही: मागची ४० वर्षांची भानगड

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या होलसेल दुकानात नवीन विंडोज ११ चा पीसी बसला की दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला, "भावा, टॅलीचा डेटा ज्या पीसीवर आहे तो नेटवर्कमध्ये दिसंनाच की." मग कोण केबल बदलतंय, कोण राऊटर बंद करून चालू करतंय, कोण युट्यूब बघून सरळ फायरवॉलच उडवतंय. आणि बऱ्याचदा दुकानात काही बिघडलेलंच नसतं. आधी उघडी असलेली एकेक वाट विंडोजनं वेगवेगळ्या वर्षी बंद केली, आणि आपला जुना पीसी अजून त्याच वाटेनं यायला बघतोय. कुठली वाट कधी बंद झाली हे माहीत असलं की निम्मं काम तिथंच होतंय.

सुरुवात १९८३ ची. आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी, म्हणजे नेटवर्कवरनं फाईल शेअर करायची पद्धत, तयार केली. विंडोजच्या आधीच्या डॉसवाल्या पीसीला दुसऱ्या मशीनवरची फाईल स्वतःच्याच डिस्कवर असल्यासारखी उघडता यावी एवढीच गरज. त्याच सुमाराला आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी सायटेक कंपनीनं नेटबायोस केलं, म्हणजे मशीननी एकमेकांना नावानं ओळखायची सोय, त्यात मशीनचं नाव १६ बाइटचं, शेवटचा बाइट मशीन काय काम करतंय ते सांगायला, म्हणजे नावाला उरली १५ अक्षरं. हे अजून नडतंय बरं का. इंग्रजीत महालक्ष्मीट्रेडर्स१ आणि महालक्ष्मीट्रेडर्स२ अशी दोन पीसींची नावं ठेवलीत तर पहिली १५ अक्षरं सारखीच येतात आणि नेटबायोसच्या दृष्टीनं दोन्ही मशीन एकच.

तेव्हा सगळं छोट्या ऑफिसासाठी होतं, बाहेरचा माणूस वायरवर येईल हा विचारच नव्हता. १९९२ ला विंडोज फॉर वर्कग्रुप्स आलं, मग ९५ मध्ये नेटवर्क नेबरहूड, आणि कुठले पीसी चालू आहेत त्याची यादी ठेवायला त्यातलाच एक पीसी निवडून यायचा. हो, खरंच निवडणूक, गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीपेक्षा कितीतरी जास्त वेळा व्हायची. प्रत्येक मशीन १२-१२ मिनिटांनी "मी आहे" सांगायचं आणि ३ वेळा आवाज आला नाही तरच यादीतनं नाव जायचं, म्हणजे बंद केलेला पीसी अर्धा-पाऊण तास तसाच दिसायचा आणि नवीन चालू केलेला दिसायचाच नाही. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना "थांबा जरा, येईल" म्हणायची सवय तिथनंच लागली.

सुरक्षा तर विचारूच नका. ९५ आणि ९८ मध्ये फोल्डरला पासवर्ड टाकता यायचा, पण समोरचा जेवढी अक्षरं पाठवेल तेवढीच तपासली जायची, त्यामुळं पहिलं एक अक्षर बरोबर आलं तरी फोल्डर उघडायचा. २००० च्या ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला.

मग विंडोज एक्सपी. लोक अजून म्हणतात "एक्सपीला कसं पटकन शेअर व्हायचं", खरंय, कारण सिंपल फाईल शेअरिंगमध्ये नेटवर्कवरनं येणारा प्रत्येक जण गेस्ट म्हणूनच धरला जायचा, कोण आहेस म्हणून विचारायची भानगडच नाही. पण त्याच एक्सपीत दोन नियमही होते. एक, बिनपासवर्डच्या अकाउंटनं नेटवर्कवरनं आत येता येणार नाही, फक्त समोर बसूनच. हा नियम आजपण तसाच आहे आणि आपल्याकडं निम्म्या पीसींना पासवर्डच नसतो, म्हणून युजरनेम बरोबर टाकूनही एरर येतो. दुसरा, एका वेळी जोडणाऱ्या मशीनची मर्यादा, होम असेल तर ५ आणि प्रो असेल तर १०. पुढं २००४ ला सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल आपोआप चालू झाली.

विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबीची नवी आवृत्ती, एसएमबी २, आली, शंभरावर कमांड होत्या त्या १९ वर आणल्या. विंडोज ७ ला घरातल्या पीसींमध्ये सोपं शेअरिंग करायला होमग्रुप दिला आणि २०१८ ला काढूनही घेतला, त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

खरा घाव २०१७ चा. मार्चमध्ये एसएमबी १, म्हणजे एसएमबीची ती जुनी आवृत्ती, तिच्यातल्या भोकाचा पॅच आला, बऱ्याच जणांनी टाकला नाही, आणि १२ मे ला फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा वॉनाक्राय व्हायरस सुटला. कुणी मेल उघडायची गरज नाही, एक मशीन लागलं की एसएमबी ज्या पोर्ट ४४५ वरनं चालतं त्याच वाटेनं शेजारचं. सपोर्ट संपलेल्या एक्सपीलासुद्धा मायक्रोसॉफ्टला पॅच द्यावा लागला यावरनं समजा. ऑक्टोबरच्या विंडोज १० अपडेटनंतर नवीन इन्स्टॉलमध्ये एसएमबी १ चा सर्व्हर, म्हणजे फोल्डर देणारा भाग, येईनासा झाला, आणि होम-प्रोमध्ये क्लायंट, म्हणजे दुसऱ्याचा फोल्डर उघडणारा भाग, आला तरी १५ दिवस वापरला नाही की स्वतःहून निघून जायचा. "काल चालत होतं, कुणी हात लावला नाही" असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं.

इथंच सगळ्यात मोठा घोळ आहे. नेटवर्कमध्ये दिसणाऱ्या पीसींची ती जुनी यादी एसएमबी १ वरच चालायची. ते गेलं, यादी गेली. पण दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं, रन मध्ये दोन उलटे स्लॅश टाकून समोरच्याचा आयपी पत्ता मारला तर फोल्डर उघडतोय बऱ्याचदा. यादी हवीच असेल तर फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ही सर्व्हिस ऑटोमॅटिक करा आणि नेटवर्क पब्लिकवरनं प्रायव्हेट करा. एसएमबी १ परत चालू करून देणारे बरेच आहेत उद्यमनगरापासनं शाहूपुरीपर्यंत, माझं स्पष्ट मत आहे की ते काम नाही, ती पळवाट आहे.

२०२४ ला विंडोज ११ चं २४एच२ हे अपडेट आलं, त्यात प्रो ला गेस्ट म्हणून जोडणं बंद आणि नेटवर्कवरनं जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर डिजिटल सही बंधनकारक. त्यामुळं दोन माणसांच्या दुकानातसुद्धा "तुमच्या संस्थेच्या धोरणामुळं" असा मेसेज येतो, कसली संस्था, कसलं धोरण. पासवर्डवालं एक साधं लोकल अकाउंट डेटाच्या पीसीवर काढा आणि त्याच नावानं जोडा, बहुतेक सुटतं. सुटत नाही ते जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅन टू फोल्डर, कारण त्यातल्या कित्येकांना एसएमबी १ सोडून काही येतच नाही. त्या मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं (फर्मवेअर) अपडेट मिळालं तर ठीक, नाहीतर स्कॅन मेलला पाठवा नाहीतर पेनड्राईव्हवर घ्या, एका मशीनसाठी सगळ्या दुकानाचं दार उघडं टाकू नका.