सेविकाबाईंना सातवा आयोग का लागत नाही? पगार आणि मानधन यांतला फरक

सोलापुरात अंगणवाडी सेविकेला हमखास विचारला जाणारा प्रश्न: “काय ओ अक्का, सातवा आयोग लागला का नाही तुम्हाला?” विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. अंगणवाडीवरची पाटी सरकारची, रजिस्टरं सरकारची, निवडणूक आली की मतदार यादीचं कामही तिच्याच गळ्यात. मग महिन्याला खात्यात पडतो तो सरकारी पगारच असणार, असं कुणालाही वाटेल. पण तो पगार नाही, मानधन आहे. या दोहोंत गल्लत झाली की सरकारी नोकरीत बायका किती आणि त्यांना मिळतं किती, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं चुकतात.

पगार माणसाला नव्हे, पदाला असतो. आधी पद मंजूर होतं, त्याला वेतनस्तर ठरतो, मग त्यावर माणूस येतो. राज्याचा सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू धरला गेला. त्यात शिपाई एस-1 स्तरावर 15,000 रुपये मूळ वेतनाने सुरू होतो, लिपिक-टंकलेखक एस-6 वर 19,900 रुपयांनी. जिल्हा परिषदेत नव्याने लागलेल्या लिपिक मुलीची वेतनचिठ्ठी पाहा. मूळ वेतन 19,900. महागाई भत्ता 50 टक्के धरला तर 9,950. झाले 29,850. घरभाडे भत्ता वेगळा. वर्षाने तीन टक्के वेतनवाढ लागली की मूळ वेतन 20,500 होतं, आणि त्यासाठी तिला कुणाकडे अर्ज करावा लागत नाही. शेजारच्या टेबलावरच्या, तिच्याच दिवशी लागलेल्या मुलाची चिठ्ठी अगदी हीच असते. चिठ्ठीत बाई-पुरुष हा रकानाच नाही. सरकारी नोकरीची ही बाजू मला मनापासून मोलाची वाटते. खासगीत तो रकाना नसतानाही जाणवतो.

मानधन पदाला नसतं, योजनेला असतं. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून सेविका कागदोपत्री ‘मानसेवी’ आहे. केंद्राने 1 ऑक्टोबर 2018 पासून सेविकेसाठीचा आपला वाटा 3,000 वरून 4,500 केला, मदतनिसाचा 1,500 वरून 2,250. राज्य त्यात स्वतःची भर घालतं. राज्याच्या 2023-24 च्या अर्थसंकल्पात सेविकेचं मानधन 10,000 आणि मदतनिसाचं 5,500 रुपये जाहीर झालं, पुढे त्यात वाढही झाली. पण ही वाढ महागाई निर्देशांकाकडे बघून आपोआप लागत नाही. त्यासाठी मोर्चे निघावे लागतात, सोलापुरात आंदोलनं होतात त्या पूनम गेटसमोर बसावं लागतं. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीतही चालला.

आशाताईंचं, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकांचं, त्याहून वेगळं आहे. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जायचं. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, नाळ कोरडी आहे का पाहायचं, आई अंगावर पाजते का विचारायचं. या सहाही भेटींचे मिळून 250 रुपये. भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. भर मे महिन्यात सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतल्या पत्र्याच्या घरांतून ही फेरी मारून बघावी. राज्य सरकारने 2024 मध्ये आशांच्या मोबदल्यात दरमहा 5,000 ची भर घातली, तीही दीर्घ आंदोलनानंतर. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने याच आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला होता.

आता प्रतिनिधित्वाचं बघू. मंजूर पदं बिंदुनामावलीवर, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवार यादीवर, चढतात: कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा हे ठरलेलं असतं. अनुसूचित जाती 13 टक्के, अनुसूचित जमाती 7, इतर मागासवर्ग 19 वगैरे. शिवाय प्रत्येक प्रवर्गाच्या आत महिलांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण, आणि दिव्यांगांसाठी 4 टक्के. हे सगळं पगाराच्या बाजूचं. आशा तर नियमानेच बाई असते, तीही त्याच वस्तीत राहणारी. म्हणून सोलापूर शहराच्या पूर्व भागातली आशा तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये, मुस्लिम मोहल्ल्यातली उर्दूत. सोलापूरच्या भाषा आणि जाती-जमाती सरकारच्या वतीने खऱ्या अर्थाने कुठे उतरल्या असतील तर त्या मानधनाच्या यादीत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नेमकी तीच यादी ‘कर्मचारी’ या मोजणीत धरली जात नाही.

याचा आकड्यांवर काय परिणाम होतो? एक गाव धरा. तिथे एक तलाठी, एक शिक्षक, एक शिक्षिका आणि एक आरोग्यसेविका आहे. तलाठी पुरुष आहे असं समजू. सुरुवातीचं मूळ वेतन तलाठ्याचं 25,500, आरोग्यसेविकेचं 25,500, दोन्ही शिक्षकांचं 29,200. पुरुषांची सरासरी 27,350, बायकांचीही 27,350. चारांत दोन बायका. अहवालात लिहायला यापेक्षा चांगलं चित्र नाही. आता त्याच गावातली सेविका 10,000 आणि मदतनीस 5,500 धरून पुन्हा मांडा. सहांत चार बायका झाल्या, म्हणजे प्रतिनिधित्व वाढलं. पण बायकांची सरासरी 17,550 वर आली. यात कुणाचाही पगार कापला गेलेला नाही, कुणावर नियमबाह्य अन्यायही झालेला नाही. फक्त कुणाला मोजायचं हे बदललं. म्हणून ‘सरकारी नोकरीत बायकांना समान पगार’ हे वाक्य खरं असूनही अपुरं आहे, आणि ‘सरकारी कामात महिलांचा मोठा वाटा’ हेही खरं असून अपुरं आहे. एकाच भाषणात ही दोन्ही वाक्यं आली, तर दोन्ही आकडे एकाच यादीवरून काढलेत का, हे विचारायलाच हवं.

कंत्राटी नोकरी हा आणखी वेगळा प्रकार. तिथे मुदतीचा करार असतो किंवा मधे एजन्सी असते. शिक्षणसेवकाला, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकालाही, मानधनच मिळतं, प्राथमिक शाळेत 1 जानेवारी 2023 पासून 16,000 रुपये. पण तीन वर्षांनी तो नियमित वेतनश्रेणीत जातो. त्याच्या मानधनाला पुढे दार आहे. सेविका तीस-तीस वर्षं अंगणवाडीत काढते तरी तसं दार आपोआप उघडत नाही.

न्यायालयाने दोन्ही बाजूंनी बोलून ठेवलंय. अमीरबी प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सेविका नागरी पदावर, म्हणजे सरकारी सेवेतल्या पदावर, नाहीत. म्हणून वेतन आयोग नाही. ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व 2016 च्या जगजित सिंग निकालाने हंगामी कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवलं खरं, पण तुलनेला तेच काम करणारं मंजूर पद लागतं. सेविकेसारखं काम करणारं पगारी पदच नाही. मात्र 25 एप्रिल 2022 रोजी मणिबेन भारिया प्रकरणात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या पीठाने निकाल दिला की 1972 चा उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा, सेविका-मदतनिसांना लागू आहे. हे अर्धवेळ काम आहे हा युक्तिवाद मान्य झाला नाही, आणि त्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच धरलं गेलं. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण सूत्र तेच आणि सोपं आहे: पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. शेवटचं मानधन 10,000 असेल तर वर्षाला 5,769 रुपये, वीस वर्षांचे सुमारे 1,15,000. आपल्या ओळखीची सेविका निवृत्तीला आली असेल तर हा हिशेब तिला जरूर सांगा. कित्येकींना हा निकाल माहीतच नाही.

एका यादीतून दुसरीत जायची एक वाट आहे, अरुंद का असेना. अंगणवाडी प्रकल्पातल्या मुख्यसेविकेचं, म्हणजे पर्यवेक्षिकेचं पद मंजूर असतं, वेतनस्तर एस-13, सुरुवात 35,400 रुपयांनी, आणि त्यातल्या काही जागा पात्र सेविकांमधून भरल्या जातात. त्यासाठी पदवी लागते, अनुभव लागतो, परीक्षा असते. मुलं झोपल्यावर अभ्यास करून ती परीक्षा देणाऱ्या सेविका सोलापूर जिल्ह्यातही आहेत. नेमणुकीचा आदेश हातात पडला की त्या बाईचं सेवापुस्तक उघडतं, महागाई भत्ता सुरू होतो, आणि सरकारी महिला कर्मचाऱ्यांच्या आकड्यात ती पहिल्यांदा मोजली जाते.